डाग वरचा, व्रण आंतला

धुळ्यास आमच्या आजोळच्या ओसरीवर एक लांकडी बांक होता. दिवेलागणीच्या सुमारास माझे मामा त्यावर पालथे पडून राहत आणि मामी त्यांच्या कंबरेस तापलेल्या विटेचा शेक देत. मामांच्या उजव्या पोटरीच्या मागें जुन्या रुपयाएवढे दोन काळसर डाग होते, आणि कंबरेच्या मध्यावर चार बोटें लांबीची एक सरळ, पांढुरकी रेघ होती. आम्हां भाचरांना या खुणांचें मोठें कुतूहल वाटे. डाग सोनगीरच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानें तापलेल्या सळईनें दिले होते; रेघ मुंबईच्या शस्त्रवैद्याच्या सुरीची होती. दोन्ही उपाय एकाच दुखण्यावर केलेले, आणि दोन्ही उपायांनंतर तें दुखणें फिरून आलेलें. बाहेरून दिसत त्या या तीन खुणा. चौथी एक खूण आंत होती. ती कोणासच दिसत नव्हती, आणि दिसत नव्हती म्हणूनच मामांच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. श्रोतेहो, आज मी बोलणार आहें तें त्या चौथ्या खुणेविषयीं.

दुखणें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. कंबरेंत उसण भरते, मग कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत आणि तेथून पावलापर्यंत तार ओढल्यासारखी कळ उतरते. आपल्या वैद्यकग्रंथांत यास गृध्रसी असें नांव आहे. रोगी गिधाडासारखा एका अंगावर झुकून पाय टाकतो, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. चरकानें वातव्याधींच्या प्रकरणांत ही कळ कुल्ल्यापासून पावलापर्यंत कोणत्या क्रमानें उतरते तें इतक्या बिनचूकपणें दिलें आहे कीं, आजच्या विद्यार्थ्यासहि त्यांत फारसें दुरुस्त करण्याजोगें सांपडणार नाहीं. सुश्रुतानें अग्निकर्मास एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. पिंपळी, शेळीच्या लेंड्या, गाईचा दांत, धातूची सळई, तापविलेला मध, गूळ आणि स्नेह अशीं निरनिराळीं साधनें, कोणत्या जागीं कोणतें वापरावें याचा विचार, आणि डागल्यावर वर मध व तूप लावण्याची सूचना, असा तो सगळा व्यवस्थित विधि आहे. खानदेशांत खेडोपाडीं जो डाग देत, त्यांत विधीचा भाग गळून गेला होता आणि सळई तेवढी उरली होती. तरीहि त्या म्हाताऱ्याच्या हाताखालून कांहीं माणसें चालत घरीं गेलीं, हें नाकारण्याचें कारण नाहीं. हें दुखणें पुष्कळ वेळां आपोआपहि उतरतें. श्रेय मात्र जो शेवटीं हात लावतो त्याच्या पदरांत पडतें. डॉक्टरांच्या बाबतींतहि असें होतें, एवढें येथें नमूद करून ठेवतों.

खानदेशांत या दुखण्याचें पीक मोठें असलें तर नवल नाहीं. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि त्यांचे पुढें जळगांव व धुळें हे जिल्हे झाले. परंतु दोहोंकडील कष्टांची जात एकच राहिली. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहावयाचे, जळगांवच्या जिनांत कपाशीचीं बोचकीं उचलावयाचीं, बाजारांत शंभर किलोचीं पोतीं पाठीवर घेऊन फळी चढावयाची. आज रुईची दाबलेली एक गांठ १७० किलोची धरतात. ती कोणी एकटा उचलीत नाहीं हें खरें. पण ती सरकवितांना कंबरेवर काय भार येतो, तें ज्यानें आंकडा लावून ओढली आहे त्यासच ठाऊक. माझे मामा बाजारांत मापाडी होते. वीस-वीस किलोचीं लोखंडी वजनें दिवसभर कांट्यावर चढवावयाचीं आणि उतरवावयाचीं, हा त्यांचा धंदा. १९७२ च्या दुष्काळांत बाजार ओस पडला, तेव्हां ते दुष्काळी कामावर गेले. आणि तेथें मातीची पाटी डोक्यावरून उतरवितांना त्यांची कंबर जी धरली ती कायमची.

कंबरेंत नेमकें काय होतें, हें समजण्यास युरोपासहि फार दिवस लागले. ही कळ सांध्याची नसून एका मोठ्या मज्जातंतूची आहे, हें नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें १७६४ सालीं दाखवून दिलें. पण तो तंतु दुखतो कां, याचें उत्तर पुढें पावणेदोनशें वर्षें मिळालें नाहीं. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते. आपण तिला गादी म्हणतों. बाहेरून चिवट कडें, आंत मऊ गाभा. वयानें आणि ओझ्यानें कड्याला चीर पडते, गाभा मागें सरकतो आणि शेजारून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो. बर्लिनमध्यें १९०८ सालीं फेडोर क्राउझे या शस्त्रवैद्यानें ओपेनहाइम यांच्या रोग्याच्या कण्यांतून असा एक तुकडा काढला. रोगी बरा झाला. परंतु काढलेली वस्तु ही कूर्चेची गांठ आहे अशीच त्या दोघांची समजूत झाली. हातीं आलेली वस्तु ओळखूं न येणें, हा प्रकार वैद्यकांत वाटतो तितका दुर्मिळ नाहीं. शेवटीं १९३४ सालीं बोस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोघांनीं छापून सांगितलें कीं, आजवर ज्यांना गांठी समजून काढलें, त्यांपैकीं पुष्कळ गांठी नव्हत्याच. त्या फुटलेल्या चकतीचे तुकडे होते. तेथून कंबरेच्या या शस्त्रक्रियेचें युग सुरू झालें.

प्रारंभीं ही शस्त्रक्रिया ऐसपैस असे. मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाची एक कमान असते. ती कमानच काढून टाकावयाची, आवरण उघडावयाचें, मज्जातंतु बाजूस सारावयाचे आणि चकती काढावयाची. पांच वर्षांच्या आंतच अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या लव्ह यांनीं दाखविलें कीं, दोन कमानींच्या फटींतूनहि हें काम होतें, सबंध कमान काढण्याचें कारण नाहीं. परंतु रोग्यांचा एक वर्ग असा उरला कीं, ज्यांचें दुखणें शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिने थांबे आणि मग फिरून येई. चकती पुन्हां सरकली असेल म्हणून शस्त्रवैद्य पुन्हां आंत जाई, तों तेथें चकती नसे. तेथें पांढरा, चिवट, चामड्यासारखा व्रण असे आणि मज्जातंतूचें मूळ त्यांत, सिमेंटांत गज बसवावा तसें, घट्ट बसलेलें असे. पाय उचलतांना हें मूळ एरवीं कांहीं मिलिमीटर पुढें-मागें सरकतें. व्रणानें तें धरून ठेवलें, कीं पाऊल टाकतांना प्रत्येक वेळीं तें ओढलें जातें.

व्रण हा कांहीं शत्रु नव्हे. शरीरास जखम भरून काढण्याची ती एकच रीति ठाऊक आहे. कातडीवर तो भरला तर आपण जखम बरी झाली असें म्हणतों. तोच कण्याच्या पोकळींत भरला तर फसलेली शस्त्रक्रिया म्हणतों. हा व्रण येतो कोठून, याविषयींहि वाद झाला. सेंट लुईच्या की आणि फोर्ड यांनीं १९४८ सालीं, तो फाटलेल्या चकतीच्या कड्यांतून उगवतो, असें मत मांडलें. टोरोंटोच्या लारोका आणि मॅकनॅब यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून १९७४ सालीं उलट सिद्धान्त सांगितला: व्रण पुढून येत नाहीं, मागून येतो, सोललेल्या स्नायूंतून आणि सांठलेल्या रक्तांतून त्याचे धागे आंत उतरतात आणि मज्जारज्जूच्या आवरणास चिकटतात. हा वाद केवळ पंडिती नव्हता. मागून येणाऱ्या पाहुण्यास अडवावयाचें तर मागें दार लावतां येतें. तेव्हांपासून शस्त्रवैद्यांनीं दारें लावण्याचा उद्योग मांडला.

आमच्या मामांची शस्त्रक्रिया त्याच, म्हणजे १९७४, सालीं झाली. तोंवर आपल्या देशांत हें शास्त्र नवें राहिलें नव्हतें, पण विरळ होतें. १९४९ सालीं डॉ. जेकब चांडी यांनीं वेलोर येथें, आणि पुढच्याच वर्षीं डॉ. बी. राममूर्ति यांनीं मद्रासेस मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेस आरंभ केला, मुंबईस डॉ. राम गिंडे यांचें नांव या शास्त्राच्या पहिल्या पिढींत घेतलें जातें. खानदेशांतील रोग्यास मुंबईवांचून गति नव्हती. धुळ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि जळगांवास तर २०१८ सालीं. मामा धुळ्याहून चाळीसगांवास फांट्याच्या गाडीनें, आणि तेथून मोठ्या गाडीनें बाकावर आडवे पडून मुंबईस गेले. त्या काळीं चकती कोठें सरकली आहे तें पाहण्यासाठीं कण्यांत आयोडीनयुक्त तेल सोडून क्ष-किरणांचें चित्र घेत. या तेलानेंच कांहीं रोग्यांच्या मज्जातंतूंना सूज येऊन ते एकमेकांस चिकटत, हें पुढें कळून आलें आणि तें तेल मागें पडलें. म्हणजे व्रणाची पेरणी कधीं कधीं तपासणींतच होत असे.

मामा परत आले ते ताठ चालत आले. पावणेदोन वर्षें त्यांनीं पुन्हां कांटा धरला. मग एका पहांटे तीच कळ, तोच पाय. पुन्हां मुंबई झाली. चित्र पाहून, हाडें उत्तम आहेत, असें सांगण्यांत आलें. घरीं परतल्यावर हळूहळू सगळ्यांचा सूर बदलला. काम टाळण्यासाठीं हें सोंग आहे, असें प्रथम बाजारांत, मग आप्तांत, आणि अखेर घरांतहि बोललें जाऊं लागलें. मीहि शाळकरी वयांत त्यांच्या लंगडण्याची नक्कल करून भावंडांना हंसविलें आहे. एकदां तें त्यांनीं पाहिलें. ते रागावले नाहींत. पोटरीवरील डागास हात लावून अहिराणींत एवढेंच म्हणाले, "हाऊ वरथून दिसस. दुसरा मझार शे." हा वरून दिसतो, दुसरा आंत आहे. ज्या गोष्टीवर टोरोंटोच्या संशोधकांनीं प्रबंध लिहिला होता, ती त्यांना स्वतःच्या शरीरावरून कळलेली होती.

आतां दारें लावण्याच्या उद्योगाकडे वळूं. जिलेटिनचा स्पंज ठेवून पाहिला, सिलिकोनचें पातळ पापुद्रे ठेवून पाहिले. त्यांतल्या त्यांत नांवाजली गेली ती चरबी. हेलसिंकीचे लांगेन्शिओल्ड हे मुलांच्या हाडांचे शस्त्रवैद्य. हाडाच्या वाढीच्या जागीं नको तेथें हाड भरूं नये म्हणून ते रिकाम्या जागेंत रोग्याचीच चरबी भरीत. त्यांनीं आणि किविलुओटो यांनीं १९७६ सालीं हीच युक्ति कण्यास लावली. जखमेच्या कडेच्या कातडीखालील चरबीचा तुकडा कापून मज्जातंतूवर पसरावयाचा; बाहेरची वस्तु नाहीं, खर्च नाहीं. युक्ति जगभर पसरली. परंतु चरबीलाहि जगण्यास रक्त लागतें. तुकडा जाड ठेवला तर तो सुजून मज्जातंतूंवरच दाब देतो, असे रोगी नोंदले गेले. पातळ ठेवला तर आक्रसून जातो. मग १९९० नंतरच्या दशकांत जिलेटिन आणि शर्कराजन्य पदार्थ यांचा एक लेप निघाला, नांव अ‍ॅडकॉन-एल. १९९६ सालीं रॉस आणि त्यांचे सहकारी यांनीं या लेपाच्या चांचणींतील रोग्यांचीं चित्रें तपासून, ज्यांच्या कण्यांत व्रण फार माजला त्यांना पायाची कळ परत येण्याचा संभव सुमारें तिपटीनें अधिक, असें अनुमान काढलें. १९९८ सालीं अमेरिकेंत लेपास परवानगी मिळाली. तीन वर्षांच्या आंत तो बाजारांतून परत घ्यावा लागला. चांचणीच्या नोंदींविषयीं आक्षेप निघाले होते. शिवाय आवरणास बारीकसें भोंक पडलेलें असल्यास लेपाखालीं तें भरून येईना आणि कण्यांतील पाणी झिरपत राही. व्रणास अडविणारी वस्तु चांगल्या भरणीसहि अडविते, हें त्यावरून ध्यानांत आलें.

या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, तें वाचतांना खानदेशच्या माणसास थबकावें लागतें. शस्त्रक्रिया चालू असतां रक्त टिपण्यासाठीं कापसाच्या लहान पट्ट्या वापरतात. मँचेस्टरच्या संशोधकांनीं १९८८ सालीं, पाठीची शस्त्रक्रिया फसलेल्या रोग्यांच्या कण्यांतील व्रण काढून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले. त्यांपैकीं कांहींत त्यांना टिपणाऱ्या कापडाचे बारीक तंतु सांपडले. डोळ्यांस न दिसणारा कापसाचा धागा आंत राहतो आणि शरीर त्याच्याभोंवतीं व्रणाची भिंत बांधतें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना; तेव्हां खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि नुकत्याच आलेल्या आगगाडीनें तो मुंबईच्या बंदराकडे वाहूं लागला. जो कापूस वाहतांना आमच्या माणसांच्या कंबरा मोडल्या, त्याचा धागा कंबरेच्या आंत काय करतो, हें त्याच मँचेस्टरनें शोधून काढावें, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. योगायोगाहून अधिक त्यांत कांहीं नाहीं, हेंहि मी जाणतों.

खरा पालट झाला तो दारें लावण्यानें नव्हे, तर भिंत कमी फोडल्यानें. १९७७ सालीं झुरिचचे यासारगिल आणि जर्मनींतील होम्बुर्गचे कास्पार यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, कण्याच्या शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शक आणला. पुढच्या वर्षीं लास वेगासच्या विल्यम्स यांनीं आग्रहानें मांडलें कीं, मज्जातंतूंभोंवतीं निसर्गानें जी चरबी ठेवली आहे ती उपटून टाकूं नका. बाहेरून चरबी आणून ठेवण्यापेक्षां आहे तीच राखा. माझ्या अल्प मतीस या सबंध लढ्यांतील हें सर्वांत शहाणपणाचें वाक्य वाटतें. चीर लहान, स्नायु कमींत कमी सोलणें, हाड शक्य तेवढें तसेंच ठेवणें, कमानींमधील पिंवळा बंध राखणें, प्रत्येक रक्तवाहिनी थांबवून जखम कोरडी करणें, ती धुऊन घेणें, आणि मज्जातंतूचें मूळ हळुवारपणें व थोडाच वेळ बाजूस धरणें. यांत एकहि गोष्ट जाहिरात करण्याजोगी नाहीं. आज जळगांवांत किंवा धुळ्यांत जो तरुण शस्त्रवैद्य ही शस्त्रक्रिया करतो, तो व्रणाविरुद्ध जें करतो तें बहुतांशीं एवढेंच आहे.

ज्याच्या कण्यांत व्रण झालेलाच आहे, त्याच्यासाठीं दुसरी वाट शोधली गेली: व्रणांतून न जातां त्याला वळसा घालून जाणें. पेनसिल्व्हेनियांतील कांबिन यांनीं १९७३ पासून, आणि जपानांतील हिजिकाता यांनीं १९७५ च्या सुमारास, पाठीच्या मध्याऐवजीं बाजूनें नळी घालून चकतीपर्यंत पोहोंचण्याची रीति बसविली. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया तिचेंच अपत्य आहे. चकती काढून तेथें हाड बसविण्याची क्रिया होनोलुलूच्या क्लॉवर्ड यांनीं १९४० नंतरच्या दशकांत सुरू केली. आपल्याकडे ती रुजविणाऱ्यांत डॉ. प्रेमानंद रामाणी हे प्रमुख. गोव्याच्या खेड्यांतून निघून ते इंग्लंडांत न्यूकॅसल येथें शिकले आणि मुंबईस परतले, आणि त्यांचें 'ताठ कणा' हें आत्मचरित्र मराठी घरांतून वाचलें गेलें आहे. ही क्रियाहि जर्मनींतील हार्म्स यांनीं १९८२ सालीं बाजूच्या वाटेनें करून दाखविली. त्यामुळें जुन्या व्रणास फारसा हात लावावा लागत नाहीं. टेक्सासमधील लबक येथें राक्झ यांनीं बारीक नळीवाटे औषधें सोडून व्रणाचे धागे सैल करण्याचा उपाय काढला. लबक हा अमेरिकेंतील कापसाच्या मुलुखाचा बाजार आहे, हें जातां जातां सांगतों.

एवढें सगळें सांगितल्यावर एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्याच कण्यांत थोडाबहुत व्रण असतो, आणि त्यांतील बहुतेकांना कांहींएक दुखत नाहीं. रॉस यांच्या अनुमानाशीं न जुळणारे निष्कर्षहि इतरांनीं काढले आहेत. तेव्हां परत आलेली प्रत्येक कळ व्रणाच्या माथीं मारणें हाहि अन्यायच होईल.

तरी पण व्रण आहे कीं नाहीं, हें तरी आतां दिसूं शकतें. १९८८ च्या सुमारास चुंबकीय चित्र काढण्यापूर्वीं शिरेंतून गॅडोलिनियम हें द्रव्य सोडण्याची पद्धति आली. व्रणांत रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो चित्रांत उजळतो. चकतींत त्या नसतात, म्हणून ती काळी राहते. त्या दिवसापासून असल्या रोग्यास, तूं सोंग करतोस, असें म्हणण्यापूर्वीं डॉक्टरास एक चित्र पाहावें लागूं लागलें. जळगांव-धुळ्यास हें यंत्र यावयास मात्र पुढें बरींच वर्षें लागलीं, आणि मामा १९९१ सालींच गेले.

त्यांचीं क्ष-किरणांचीं चित्रें मामींनीं एका पत्र्याच्या पेटींत जपून ठेवलीं होतीं. गेल्या पावसाळ्यांत तीं मीं जळगांवच्या एका परिचित शस्त्रवैद्यांना दाखविलीं. त्यांनीं एकेक चित्र खिडकीच्या उजेडासमोर धरलें. काढलेल्या हाडाची जागा बोटानें दाखविली. त्या वेळच्या मानानें काम स्वच्छ झालें आहे, म्हणाले. मीं विचारलें, "व्रण कोठें आहे?" ते म्हणाले, "या चित्रांत तो दिसावयाचा नाहीं. यांत फक्त हाडें दिसतात." आणि त्यांनीं चित्रें पुन्हां पाकिटांत घालून माझ्या हातीं दिलीं.